स्ट्रेचर उचलणारे हात

शूर कोण, असे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही पोराला विचारा. तो दोन्ही हात पुढे करून बंदूक धरल्याची खूण करील. १ जानेवारीला भीमा-कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला आपण जातो तेव्हा आपल्याही मनात शस्त्रच असते, आणि त्यात वावगे काही नाही. ज्या समाजाची लष्करभरती इंग्रज सरकारने १८९२ च्या सुमारास बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ ला मोडून टाकली, त्या समाजाला बंदुकीचे मोल जरा जास्तच वाटणार. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती काही सुखासुखी नाही. बाबासाहेबांना त्यासाठी सरकारदरबारी भांडावे लागले.

पण वाचकहो, आज आम्हाला लिहायचे आहे ते त्याच रणांगणातल्या दुसऱ्या माणसांबद्दल. गोळ्या सुटल्या की प्रत्येक जवान जमिनीला चिकटतो. त्या वेळी कोणीतरी ओरडतो, "मला लागली." मग एक माणूस उठतो आणि त्या आवाजाकडे धावत जातो. त्याच्या खांद्यावर औषधांची पिशवी असते, आणि बंदूक असलीच तरी ती पाठीवर टाकावी लागते, कारण पट्टी बांधायला दोन्ही हात लागतात. लष्करात त्याला नर्सिंग असिस्टंट म्हणतात. आपल्याकडे त्याला कंपाउंडर म्हणतात, आणि हाच शब्द आम्हाला गेले वर्षभर छळतो आहे. ते का, ते पुढे सांगतो.

आम्ही नाशिकला कारकुनी करतो. रविवारी सकाळी विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज, पेन्शनचे कागद, दाखल्यांच्या भानगडी निस्तरतो. नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा, छावणी आणि लष्करी दवाखाना, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक बरेच. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस 'मेजर' असतो, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला का असेना. असेच एक मेजरमामा आमच्याकडे येतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. १९७१ च्या लढाईत ते पश्चिम सीमेवर एका फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये नर्सिंग असिस्टंट होते. फील्ड अॅम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, ती एक अख्खी पलटणच असते, डॉक्टरांची आणि स्ट्रेचर वाहणाऱ्यांची. हे आम्हालाही त्यांच्याकडूनच कळले.

मामांचे बोलणे थोडे. पण एकदा कागद भरताना वीज गेली आणि उकाड्यात बसल्या बसल्या ते बोलू लागले. ते जे बोलले त्यात लढाई कमी आणि काम जास्त होते. जवान पडला की आधी रक्त कुठून वाहते ते पाहायचे. प्रत्येक जवानाजवळ त्याची स्वतःची मलमपट्टी असते, तीच आधी वापरायची. आपल्या पिशवीतली पुढच्या जखमीसाठी राखायची. हातापायातून रक्ताची धार लागली असेल तर वर दाबपट्टा आवळायचा आणि किती वाजता आवळला ती वेळ जखमीच्या कपाळावर लिहायची, म्हणजे मागच्या डॉक्टरला कळते. मॉर्फिनचे इंजेक्शन दिले तर तेही कपाळावरच लिहायचे, नाहीतर मागे कोणी पुन्हा देईल आणि माणूस झोपेतच जाईल.

"आणि पाणी?" आम्ही विचारले.

"पाणी सगळेच मागतात," मामा म्हणाले. "पण पोटात लागली असंल तर एक घोटबी द्यायचा नाही. फडकं ओलं करून ओठाला लावायचं, बस. तो शिव्या देतो, हात जोडतो, आईची आन घालतो. द्यायचं नाही म्हंजे नाही." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "तहानलेल्याला पाणी नाकारायचं काम करावं लागलं, भाऊ."

चवदार तळ्याचा इतिहास घरोघर सांगणाऱ्या आमच्यासारख्या माणसांना ते वाक्य कसे लागले असेल, ते तुम्हीच समजा.

आता त्या 'कंपाउंडर' शब्दाचे. मागच्या वर्षी शहरात एके ठिकाणी माजी सैनिकांचा सत्कार ठरला. आम्ही मामांचे नाव आणि कागद पाठवले. यादी आली तेव्हा त्यात मामांचे नाव नव्हते. आम्ही विचारायला गेलो. यादी करणारे गृहस्थ सज्जन होते, चहाही पाजला. म्हणाले, "अहो, आपण युद्धवीरांचा सत्कार करतोय. हे तर दवाखान्यात कंपाउंडर होते." दवाखाना कुठे होता, हे त्यांनी विचारले नाही. आम्ही सांगायचा प्रयत्न केला. शाल-श्रीफळाची संख्या ठरून गेली होती. मामांना आम्ही ते सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले की अर्जातला पत्त्याचा रकाना तुम्ही चुकीचा भरलाय, तो आधी दुरुस्त करा.

तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहोत. आणि वाचता वाचता असे दिसले की हा अन्याय एकट्या मामांवरचा नाही. जखमी उचलणाऱ्याला खालचे समजणे ही जुनी रीत आहे, आणि आपल्या देशात तिची मुळे कुठे पोचतात हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

इंग्रजांच्या फौजेत जखमींना डोलीतून नेत. डोली उचलणारे बहुतेक कहार. त्यांची गणती सैनिकांत नव्हती; भिस्ती, भंगी, आचारी, खेचरवाले यांच्याबरोबर त्यांना 'फॉलोअर' म्हणत, म्हणजे फौजेच्या मागून चालणारे. पण जखमी तर पुढेच पडतो! मागून चालणाऱ्याला त्याच्यापर्यंत पुढे जावेच लागे, तेही शस्त्राशिवाय. पगार सैनिकापेक्षा कमी. पहिल्या महायुद्धात माणसे मिळेनाशी झाली तेव्हा कुठे, १९१७ च्या सुमारास, स्ट्रेचर वाहणाऱ्यांचा दर्जा आणि पगार सुधारला. दवाखान्यातल्या मेहतरांचा नंबर त्याहून मागे. १९२० साली डोलीवाले आणि दवाखान्यातले चाकर मिळून एक हॉस्पिटल कोअर झाली, आणि ३ एप्रिल १९४३ ला डॉक्टर आणि हे सगळे एका छत्राखाली आणून आजची आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली. डॉक्टर आणि स्ट्रेचर वाहणारा एकाच कोअरचे म्हणवले जायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले.

त्या पहिल्या महायुद्धातच, नोव्हेंबर १९१५ मध्ये, बगदादजवळ टेसिफॉनला मोठी लढाई झाली. लढणारी होती सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात आपल्या मुलखातल्या मराठा पलटणी होत्या. हजारो जखमी झाले. त्यांना नेण्यासाठी सरकारकडे होते काय? स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्या. मोडक्या पायांची माणसे त्या गाड्यांत एकमेकांवर टाकून वाळवंटातून नदीपर्यंत नेली, आणि पुढे बोटींतून बसऱ्याला. इंग्लंडमध्ये एवढा बोभाटा झाला की चौकशी आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १९१७ साली आला. स्ट्रेचर उचलणारे हात पुरेसे नसले तर काय होते, याचा तो पुरावा आहे.

आणखी एक उदाहरण देतो. १८९९ ते १९०० या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू असताना गांधीजींनी हिंदी लोकांचे जखमी वाहणारे पथक काढले, हे शाळेच्या पुस्तकात असते. सुमारे ११०० माणसे होती. दिवसाला वीस-पंचवीस मैल ती जखमींना खांद्यावरून वाहत, आणि स्पिऑन कोपच्या लढाईत तर तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात गेली. पण त्या ११०० पैकी सुमारे ३०० सोडले तर बाकीचे सगळे गिरमिटिया मजूर होते, उसाच्या मळ्यांत आणि खाणींत करारावर राबणारे. पदके मिळाली ती पथकाच्या पुढाऱ्यांना. मजुरांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे का?

याउलट एका मराठी माणसाचे नाव साऱ्या जगाला ठाऊक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०. मुंबईत डॉक्टर झाले. जपानने चीनवर स्वारी केली होती. १९३८ साली काँग्रेसने वर्गणी जमवून पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले, त्यात डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि हे सत्तावीस वर्षांचे कोटणीस. ठरले होते वर्षभराचे. वडील वारल्याची बातमी चीनमध्येच कळली. इतर डॉक्टर एकेक करून परतले, हे परतले नाहीत.

कोटणीसांची गोष्ट आपल्या आजोबा-आजींच्या पिढीने व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या सिनेमात पाहिलेली आहे. सिनेमात प्रेमकथा आहे, गाणी आहेत. आम्हाला मात्र त्यांचे काम जास्त भावते. १९४० सालच्या एका दीर्घ लढाईत त्यांनी बहात्तर तास डोळ्याला डोळा न लावता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे नोंदलेले आहे. बहात्तर तास म्हणजे गिरणीच्या नऊ पाळ्या! दवाखाना म्हणजे खेड्यातले घर किंवा डोंगराचा आडोसा, आणि शत्रू जवळ आला की तो उचलून पुढच्या गावी न्यायचा. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून त्याच आघाडीवर होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने निघालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले.

तिथे ते चिनी भाषेत शिकवू लागले. आम्ही या गोष्टीपाशी थोडे थांबतो. एक पदवीधर डॉक्टर खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांची भाषा शिकतो, आणि जखम कशी धुवायची, हाड कसे बांधायचे हे त्यांच्याच बोलीत त्यांना शिकवतो. कारण एकटा डॉक्टर आठशे जखमींना पुरत नाही. त्याला आठशे जखमी आणून देणारे, धरणारे, धुणारे हात लागतात. कोटणीसांना ते कळले होते. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तकही ते लिहीत होते, ते पुरे झाले नाही. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनह्वा ठेवले; यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणीस वारले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुढे तोही डॉक्टरकी शिकत असताना १९६७ साली गेला. क्वो छिंगलान मात्र २०१२ पर्यंत होत्या.

आणि आता इतिहासाची क्रूर गंमत पाहा. कोटणीसांनी ज्या फौजेच्या जखमा शिवल्या, त्याच देशाची फौज वीस वर्षांनी आपल्यावर चालून आली. १८ नोव्हेंबर १९६२. लडाखमधली रेझांग ला नावाची खिंड, सोळा हजार फुटांवर. १३ कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग तिचे प्रमुख. सव्वाशेच्या आतबाहेर जवान, त्यातले शंभराहून अधिक तिथेच पडले. कंपनीबरोबर मेडिकल कोअरचा एक नर्सिंग असिस्टंट होता, शिपाई धरमपाल दहिया, हरियाणाचा. बर्फ उतरू लागल्यावर फेब्रुवारी १९६३ मध्ये आपली माणसे त्या ठाण्यावर पोचली, तेव्हा जवान आपापल्या खंदकात, शस्त्रे हातात असलेलेच गोठलेले सापडले. धरमपालच्या हातात इंजेक्शनची सिरिंज आणि पट्टी होती. त्याला मरणोत्तर वीरचक्र मिळाले.

त्या जागी कोणाचा तरी दंड त्याच्यासमोर असेल. त्याने सुई टोचली होती की टोचायची राहिली होती? आम्ही हे वाचले त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या रविवारी आम्ही ते मामांना वाचून दाखवले. त्यांनी फक्त एवढेच विचारले की हातमोजे होते का त्याच्या हातात. कारण हातमोजे घालून सुई लावता येत नाही, आणि काढले तर त्या थंडीत बोटे जातात.

बंदूक न देता एक अख्खी पलटण परदेशच्या लढाईत पाठवण्याचे कामही आपल्या देशाने केले आहे. १९५० साली कोरियात युद्ध पेटले. भारताने लढणारी फौज पाठवायचे नाकारले. पाठवली ती ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. तीनशेच्या वर माणसे. पोचतात न पोचतात तोच संयुक्त राष्ट्रांच्या फौजांची पीछेहाट सुरू झाली. सामान न्यायला गाड्या नाहीत. वरून हुकूम असा की सामान जाळा आणि निघा. औषधे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे जाळली तर पुढे जखमींना काय बांधायचे? तेव्हा या मंडळींनी प्योंगयांगमध्ये एक पडीक रेल्वे इंजिन शोधून काढले. बॉयलरमध्ये पाणी नव्हते. माणसांची रांग लावून बादल्या हातोहात देत ते भरले. इंजिन चालवण्याची थोडीफार माहिती असलेले जवान त्यांच्यातच निघाले. सगळे सामान चढवून पूल उडवला जाण्याच्या आत ती गाडी दक्षिणेला आली. नाशिकरोडला रेल्वेची माणसे घरोघर आहेत, त्यांना ही गोष्ट सांगून पाहा, डोळे कसे चमकतात!

२३ मार्च १९५१ ला त्याच पथकातले बाराजण अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर शत्रूच्या मागे विमानातून उतरले आणि जमिनीवर पाय लागताच त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या. रंगराज यांना महावीरचक्र मिळाले. शिपाई आणि नाईक हुद्द्याच्या माणसांनाही वीरचक्रे मिळाली, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

१९९९ च्या कारगिल लढाईत १३ जम्मू-काश्मीर रायफल्सबरोबर डॉ. राजेश वामनराव अढाऊ हे मराठी डॉक्टर होते, त्यांना सेना मेडल मिळाले. तिथल्या शिखरांवरून जखमींना खाली आणायचे ते माणसांच्या पाठीवर आणि खांद्यावरच, बहुतेक रात्री.

देवळालीचे एक राहिलेच. इंग्रजी भाषेत वेड लागलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. तो शब्द आपल्या देवळालीवरून आला आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई बोटीची वाट पाहत या छावणीत महिनोन् महिने पडून राहत, आणि त्यातल्या कित्येकांची डोकी फिरत. जखम मनालाही होते, ही गोष्ट आपल्या गावाच्या नावानेच जगाने नोंदवून ठेवली. स्ट्रेचर वाहणारा दुसऱ्याच्या जखमा पाहून पाहून जो जखमी होतो, त्याच्यासाठी मात्र पट्टी नसते. मामांच्या सुनेने आमच्या घरी सांगितले की ते अजूनही रात्री उठून माठातले पाणी पितात आणि पिता पिता थांबतात.

रक्त, पू, मळ यांना हात लावणे हे आपल्या देशात जातीवर टाकलेले काम होते. तथागतांनी मात्र मळात पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतले होते. २०२० च्या कोरोनात आपल्याच वस्तीतली वॉर्डबॉय, आया, सफाईची पोरेपोरी पहिल्या दिवसापासून कामावर गेली. टाळ्या वाजल्या तेव्हा लोकांच्या मनात पांढरा कोट होता. युद्धातही तसेच होते, एवढेच.

सत्काराचे पुन्हा कोणाशी भांडलो नाही. मामांना शालीपेक्षा दुसरे काही हवे आहे असे आमच्या लक्षात आले. गेल्या पावसाळ्यापासून दर दुसऱ्या रविवारी ते विहाराच्या ओट्यावर वस्तीतल्या मुलामुलींना प्रथमोपचार शिकवतात. रक्त कसे थांबवायचे, मोडलेला हात ओढणीत कसा अडकवायचा, मोटारसायकलवरून पडलेल्याला लगेच उचलून का बसवायचे नाही. दोन बांबू आणि दोन शर्ट यांचे स्ट्रेचर करायला शिकवले तेव्हा रुग्ण म्हणून ते स्वतःच झोपले.

चार पोरे उठली, त्यात दोन मुली. पोरांनी शाळेतल्या कवायतीप्रमाणे डावा-उजवा, डावा-उजवा असे एकाच तालात चालायला सुरुवात केली. मामा वरून ओरडले, "अरे, तालात नका चालू! हेलकावे बसतात. पुढच्यांनी डावा टाकला तर मागच्यांनी उजवा!" मग सांगितले की लढाईत पलटणीचे बँडवालेच स्ट्रेचर उचलतात. वर्षभर तालात पाय टाकायचा सराव करायचा आणि स्ट्रेचर खांद्यावर आला की तो मोडायचा, म्हणून त्यांना सुरुवातीला सगळ्यांत अवघड जाते. आमच्या वस्तीतला एक मुलगा लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवतो. तो मागच्या बाजूला होता. तीन वेळा त्याचा पाय चुकला, चौथ्या वेळी जमला. ओट्याच्या टोकापर्यंत जाऊन वळताना मामा म्हणाले, "हळू. आता कसं, पाण्यावरून गेल्यागत."